मानेतला मिलिमीटर

आमचे गाव जऊळका, वाशीम जिल्ह्यातल्या मालेगाव तालुक्यातले. बोलताना लोक त्याच्यापुढे 'रेल्वे' हा शब्द जोडतात, कारण अकोला-पूर्णा मार्गावरचे स्टेशन हीच गावाची बाहेरच्या जगाला असलेली ओळख. पूर्वी येथून मीटरगेजची छोटी गाडी धावायची. २००८ मध्ये मार्ग रुंद झाला, गाड्या मोठ्या झाल्या, पण गावाची सवय बदलली नाही. घड्याळ बंद पडले तरी गाडीच्या आवाजावरून वेळ सांगणारी माणसे आमच्याकडे अजून आहेत. माझे मोठेबाबा, म्हणजे वडिलांचे थोरले बंधू, त्यांच्यातलेच एक.

२०१८ च्या जानेवारीतली गोष्ट. तुरीची सोंगणी चालू होती. मी सुटीसाठी गावी आलो होतो. सकाळची गाडी नुकतीच गेली होती आणि मोठेबाबा ओसरीवर चहा घेत होते. बशी त्यांच्या उजव्या हातातून निसटली आणि चहा धोतरावर सांडला. त्यांनी डाव्या हाताने बशी उचलली, काहीतरी बोलायला गेले, पण शब्द जिभेत अडकल्यासारखे बाहेर आले. मोठी आई चुलीपासून धावत आली. "अजी, असं काहून बोलून राह्यले तुम्ही?" ते हसले. ते हसू एकाच बाजूने उमटले. तेव्हा ते माझ्या लक्षात आले होते. त्याचा अर्थ मात्र कळला नाही. मी शिक्षक माणूस. तीस वर्षे मुलांना शरीरशास्त्राचा धडा शिकवला. पण समोर घरचे माणूस असले की शिकवलेले आठवत नाही.

"काई नाई झालं मले, हात झोपला फक्त," असे काहीसे ते म्हणाले. शेजारचे म्हातारे आले आणि त्यांनी निदान केले, "वारं गेलं." मग तेल गरम झाले, हात चोळणे सुरू झाले. कोणी म्हणाले, अमुक गावी लकव्याचे औषध देतात, मुळी उगाळून नाकात घालतात, तिथे न्या. दुसरा म्हणाला, आधी थोडे झोपू द्या, उन्हे वर आली की अंग मोकळे होईल. आम्ही झोपू दिले. १०८ क्रमांक प्रत्येकाच्या तोंडपाठ होता, तरी फोन करायला कोणाला सुचले नाही. रक्त सांडले नव्हते, छातीत दुखत नव्हते, मग रुग्णवाहिका कशाला, असा आमचा भाबडा हिशेब. दुपारी पायही हलेना तेव्हा गाडी ठरवली. आधी जिल्ह्याच्या गावी, तिथून पुढे मोठ्या शहरातल्या एका रुग्णालयात, असे करत पोचलो तेव्हा साडेतीन वाजून गेले होते.

डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला तो औषधाचा नव्हता, वयाचाही नव्हता. "यांना शेवटचं अगदी नीट कधी पाहिलं होतं?" आम्ही एकमेकांकडे पाहू लागलो. शेवटी मोठी आईच म्हणाली, "सकायची गाडी गेली तवा." म्हणजे साडेसहा. डॉक्टरांनी घड्याळाकडे पाहिले आणि मान हलवली. नऊ तास झाले होते. मेंदूतली रक्ताची गुठळी विरघळवणारे इंजेक्शन पहिल्या साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. ती वेळ आमच्या ओसरीवर, तेलाच्या वाटीपाशी निघून गेली होती.

अहवालातली एक ओळ

सीटी स्कॅनमध्ये रक्तस्राव नव्हता. मेंदूच्या डाव्या भागाला रक्त पोचवणारी वाट अडली होती आणि म्हणून उजवी बाजू व वाचा गेली होती. रक्तपुरवठा थांबून होणाऱ्या अशा पक्षाघाताला डॉक्टर इस्केमिक स्ट्रोक म्हणतात. दुसऱ्या दिवशी मानेची सोनोग्राफी झाली. संध्याकाळी अहवाल माझ्या हातात पडला. त्यात एक ओळ होती: डाव्या कॅरोटिड धमनीच्या आतल्या दोन थरांची जाडी १.१ मिलिमीटर. पुढे लिहिले होते की धमनी दुभंगते त्या ठिकाणी मेदाचा थर असून वाट सुमारे ४० टक्के अरुंद झाली आहे.

रुग्णालयाच्या पायऱ्यांवर बसून मी ती ओळ दहा वेळा वाचली असेल. १.१ म्हणजे जास्त की कमी, हे मला माहीत नव्हते. पण छापील आकड्याला एक दरारा असतो. मला वाटले, हाच निकाल. आता हे माणूस उठणार की नाही, किती दिवसांचे सोबती आहे, सगळे या आकड्यात लिहिलेले असणार. रात्री फोनवर धाकट्या भावाला मी तसेच सांगितले. "भिंत जाड झाली म्हणतात, आता काही खरं नाही." भाऊ पुण्याहून निघायच्या गोष्टी करू लागला. घरात रडारड झाली. एका आकड्याचा चुकीचा अर्थ लावून मी अख्ख्या घराची झोप उडवली होती.

सकाळी डॉक्टरांना गाठून विचारले तेव्हा ते म्हणाले, "गुरुजी, तुम्ही वार्षिक परीक्षेचा निकाल समजून बसलात. हे तर मागच्या तीस वर्षांचं हजेरीपत्रक आहे." ते वाक्य मी विसरलो नाही. पुढे वाचत गेलो, विचारत गेलो, आणि जे कळले ते आज वाचकांपुढे ठेवतो आहे.

भिंत मोजतात ती कशी?

मानेच्या दोन्ही बाजूंना बोटे टेकवली की ठोके लागतात त्या कॅरोटिड धमन्या. हृदयातून निघालेले रक्त मुख्यतः त्यांच्यातूनच मेंदूच्या पुढच्या व मधल्या भागाला पोचते. त्यांचे नाव ज्या ग्रीक शब्दावरून आले त्याचा अर्थ गुंगी आणणे. या दाबल्या तर माणसाची शुद्ध हरपते, हे त्या काळच्या लोकांना ठाऊक होते. जबड्याच्या खाली ही धमनी दुभंगते. एक फाटा चेहऱ्याकडे जातो, दुसरा मेंदूकडे. नदीला फाटा फुटतो तिथे जसा गाळ बसतो, तसा रक्तातला मेद नेमका या दुभाजकापाशी साचायला लागतो, कारण तेथे प्रवाह एकसारखा राहत नाही.

धमनीची भिंत तीन थरांची असते. सगळ्यात आत गुळगुळीत अस्तर, मध्ये स्नायूंचा लवचिक थर आणि बाहेर वेष्टन. सोनोग्राफीच्या पडद्यावर आतले दोन थर मिळून दोन समांतर रेघा दिसतात. त्या रेघांमधले अंतर म्हणजेच अहवालातली ती जाडी. इटलीतले पाओलो पिग्नोली आणि त्यांचे सहकारी यांनी १९८६ मध्ये दाखवून दिले की पडद्यावर मोजलेले हे अंतर आणि प्रत्यक्ष धमनीचा छेद घेऊन मोजलेली जाडी जुळते. ना सुई, ना चीर, ना क्ष-किरण. जिवंत माणसाच्या धमनीत काय चालले आहे ते बाहेरून पाहायची एक खिडकीच मिळाली. जगभर त्यावर अभ्यास सुरू झाले.

तरुणपणी ही जाडी साधारण अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असते. वयाबरोबर ती थोडी थोडी वाढते. केस पिकतात तसेच ते आहे. पण रक्तदाब, तंबाखू, मधुमेह आणि रक्तातला जादा मेद यांनी ती वेगाने वाढते. युरोपातल्या रक्तदाबतज्ज्ञांनी ०.९ मिलिमीटरच्या पुढची जाडी ही धमनीला इजा झाल्याची खूण मानली. एखाद्याच जागी दीड मिलिमीटरच्या पुढे फुगवटा आला तर त्याला जाडी न म्हणता प्लाक, म्हणजे मेदाचा थर, म्हणतात. हे दोन वेगळे आहेत आणि अहवाल वाचताना घोटाळा होतो तो इथेच.

हे सगळे होते कसे? आमच्या शेतकऱ्यांना सांगायचे तर ठिबकची नळी आठवावी. विहिरीचे पाणी क्षाराचे असले की नळी एका दिवसात बंद पडत नाही. आतून पापुद्रा चढत जातो. वरून नळी ठणठणीत दिसते. एक दिवस शेवटच्या झाडाला पाणी पोचत नाही तेव्हा कळते. फरक एवढाच की ठिबकमध्ये आपण ॲसिड सोडून क्षार धुऊन काढतो. धमनी धुऊन काढणारे ॲसिड कोणाकडेही नाही. 'नस मोकळी करणारा काढा' म्हणून बाजारात जे विकले जाते त्याने पापुद्रा निघत नाही, खिसा तेवढा मोकळा होतो.

आकडा काय सांगतो, काय सांगत नाही

जाड भिंत असलेल्यांना पुढे पक्षाघात जास्त होतो का? होतो. हॉलंडमधल्या रॉटरडॅम शहरातल्या आणि अमेरिकेतल्या हजारो माणसांची वर्षानुवर्षे नोंद ठेवून हे तपासले गेले. २००७ मध्ये अशा अनेक अभ्यासांची बेरीज करण्यात आली. वय आणि स्त्री-पुरुष हा फरक बाजूला काढल्यावर, जाडीत ०.१ मिलिमीटरची वाढ असेल तर पक्षाघाताचा धोका १३ ते १८ टक्क्यांनी जास्त दिसला. आपल्या पोस्टकार्डाच्या जाडीपेक्षाही कमी असलेला हा फरक.

पण गंमत पुढे आहे. एखाद्या माणसाचा रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल, तंबाखूचे व्यसन आणि वय एवढे आधीच माहीत असेल, तर मानेची जाडी मोजून नवे काही फारसे कळत नाही. जो ताप आपण कपाळाला हात लावून ओळखला, तोच पुन्हा थर्मामीटरवर वाचण्यासारखे ते आहे. म्हणून २०१३ मध्ये अमेरिकेतल्या हृदयरोगतज्ज्ञांच्या संस्थांनी सांगितले की धोका ठरवण्यासाठी ही जाडी सरसकट मोजू नये. दर वर्षी मोजून ती वाढली की कमी झाली हे पाहण्याचाही एकट्या रुग्णाला उपयोग नाही, कारण यंत्र, हात आणि जागा थोडी बदलली तरी एवढा फरक पडतो. आरोग्य तपासणीच्या 'पॅकेज'मध्ये ही चाचणी घालून घेण्याआधी हे ध्यानात ठेवावे. वीस रुपयांत कोणीही मोजून देईल तो रक्तदाब जास्त मोलाचा.

आता माझा खरा प्रश्न. पक्षाघात होऊन गेल्यावर या जाडीचा अर्थ काय? त्याची दोन उत्तरे आहेत आणि ती वेगवेगळी ठेवली पाहिजेत. पहिला प्रश्न, पुन्हा झटका येईल का? ज्यांची भिंत जास्त जाड, त्यांना दुसरा झटका येण्याची शक्यता जास्त, असे ग्रीसमधल्या संशोधकांनी २००६ मध्ये रुग्णांचा पाठपुरावा करून दाखवले. हे समजण्यासारखे आहे. ज्या कारणांनी भिंत जाड झाली ती कारणे रुग्णालयातून सुटी मिळाली म्हणून घरी परतताना वाटेत उतरून जात नाहीत.

दुसरा प्रश्न, हे माणूस उठेल का, चालेल का, बोलेल का? याचे उत्तर मानेत नसून मेंदूत आहे. पहिल्या दिवशी इजा किती मोठी होती, वय काय, उपचार किती तासांत मिळाला, साखर ताब्यात होती का, गिळताना अन्न श्वासनळीत जाऊन न्यूमोनिया तर झाला नाही ना, आणि पुढचे तीन महिने व्यायाम कसा झाला, यांवर ते ठरते. धमनीच्या जाडीचा वाटा या सगळ्यांपुढे लहान. रुग्ण किती सावरला हे मोजायला डॉक्टर एक मोजपट्टी वापरतात. ग्लासगोच्या डॉ. जॉन रँकिन यांनी १९५७ मध्ये ती मांडली, पुढे तिच्यात सुधारणा झाली. शून्य म्हणजे काहीच त्रास नाही, तीन म्हणजे मदत लागते पण स्वतः चालतो, पाच म्हणजे अंथरुणाला खिळलेला, सहा म्हणजे मृत्यू. मोठेबाबा रुग्णालयातून निघाले तेव्हा चारवर होते. १.१ हा आकडा मी डोक्यात घेऊन बसलो होतो. खरा आकडा हा होता आणि तो बदलता येण्यासारखा होता.

राहिली ती ४० टक्के अरुंद झालेली वाट. आम्हाला वाटले, शस्त्रक्रिया करून साफ करावी. तशी शस्त्रक्रिया १९५० च्या दशकापासून होत आली आहे. पण ती कोणाला करावी हे १९९१ मध्ये उत्तर अमेरिकेतल्या एका मोठ्या चाचणीने स्पष्ट केले. ज्यांना नुकताच झटका येऊन गेला आहे आणि त्याच बाजूची वाट ७० टक्क्यांहून जास्त अरुंद आहे, त्यांच्यात दोन वर्षांत त्या बाजूचा पुन्हा झटका येण्याचे प्रमाण नुसत्या औषधांवर २६ टक्के होते, शस्त्रक्रियेनंतर ते ९ वर आले. ४० टक्केवाल्यांना मात्र चाकूचा धोकाच जास्त. मोठेबाबांसाठी उपाय गोळ्यांचाच होता: रक्त पातळ ठेवणारी, कोलेस्टेरॉलची आणि रक्तदाबाची.

हजेरीपत्रक कोणी भरले?

डॉक्टरांचे ते हजेरीपत्रक मी घरी येऊन मनातल्या मनात तपासले. मोठेबाबांचा रक्तदाब दहा वर्षांपूर्वी एका शिबिरात जास्त निघाला होता. गोळी सुरू झाली. महिन्याभराने मोजला तर उतरला होता. मोठेबाबांनी गोळी बंद केली. "उतरलं नं आता बीपी, मंग गोयी कायले?" गोळीमुळेच तो उतरला होता आणि गोळी थांबली की पुन्हा चढणार, हे त्यांना कोणी समजावले नाही. मीही नाही. खर्रा तर वऱ्हाडातल्या पुरुषांचा दिवसभराचा सोबती. सुपारी, तंबाखू, चुना घोटून केलेली ती पुडी सकाळी गाडीच्या वेळेला उघडायची. जेवणात भाकरीबरोबर ठेचा, वरून लोणचे, वरून पापड. मिठाचा हिशेब कोण ठेवतो? दर दिवसाची एक बारीक रेघ धमनीच्या भिंतीवर चढत गेली आणि आम्ही सगळे 'काटक माणूस' म्हणून त्यांचे कौतुक करत राहिलो.

पक्षाघात हा शहरी, बैठ्या, श्रीमंत लोकांचा आजार आहे, हा समज आपण सोडून द्यायला हवा. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेच्या संशोधकांनी ८६ खेड्यांतल्या मृत्यूंची घरोघर जाऊन कारणे शोधली. २०१५ मध्ये तो अभ्यास प्रसिद्ध झाला. सर्वांत जास्त मृत्यू कशाने झाले होते? मलेरियाने नाही, क्षयाने नाही, पक्षाघाताने. दर सात मृत्यूंमागे एक. त्यातल्या बहुतेकांनी घरीच प्राण सोडला. जंगलाच्या कडेला, अंगमेहनत करणाऱ्या लोकांत हे घडत होते. इकडे मुंबईत डॉ. पी. एम. दलाल आणि सहकाऱ्यांनी वस्तीतल्या लोकांची नोंद ठेवली, तेव्हा वर्षाला लाखामागे सुमारे १४५ जणांना पहिला झटका येत असल्याचे दिसले. दहांतले आठ रक्तपुरवठा थांबल्याने आणि दर दहांतले तीन रुग्ण अठ्ठावीस दिवसांच्या आत गेले.

भिंत जाड व्हायला सुरुवात कधी होते, याचे उत्तर पुण्यात मिळाले आणि ते आईबापांनी ऐकावे असे आहे. केईएम रुग्णालयात १९८७ ते १९८९ या काळात जन्मलेल्या मुलांचा डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी अनेक वर्षे अभ्यास करीत आले. मुले आठ वर्षांची असताना त्यांची साखर आणि इन्सुलिन मोजले, एकविसाव्या वर्षी त्यांच्या मानेच्या धमनीची जाडी मोजली. आठव्या वर्षी ज्यांची साखर आणि इन्सुलिन इतरांपेक्षा वरच्या बाजूला होते, त्यांचा रक्तदाब, मेद आणि धमनीची जाडी एकविसाव्या वर्षीही वरच्या बाजूला झुकलेली निघाली. ही मुले आजारी नव्हती. शाळेत जाणारी, खेळणारी पोरे होती. म्हणजे मोठेबाबांच्या ओसरीवर ती बशी निसटली त्या घटनेची सुरुवात कदाचित त्यांच्या शाळकरी वयातच झाली असेल. हे वाचल्यापासून माझ्या वर्गातल्या पोरांच्या हातातली कुरकुरीत पुडी मला वेगळी दिसू लागली.

घरी आल्यानंतर

रुग्ण घरी आणला की घर दोन गटांत विभागते. एक गट म्हणतो, त्यांना त्रास देऊ नका, पडून राहू द्या. दुसरा म्हणतो, रोज चोळा, रोज चालवा, बरे होतीलच. आम्ही दुसऱ्या गटात होतो आणि डॉक्टरांनी दाखवलेले चार व्यायाम उत्साहाने करवून घेत होतो. पहिल्या महिन्यात फारसा फरक पडेना, तेव्हा खचलो. पुढे कळले की आपल्या देशात याचीही मोठी चाचणी झाली आहे. चौदा रुग्णालयांतल्या १,२५० रुग्णांपैकी निम्म्यांच्या घरच्यांना व्यायाम शिकवून पाठवले, बाकीच्यांना नेहमीची सेवा. २०१७ मध्ये निकाल आला. सहा महिन्यांनी मृत्यू पावलेले किंवा परावलंबी असलेले रुग्ण दोन्हीकडे सारखेच, ४७ टक्के.

हे वाचून प्रथम वाईट वाटले, मग सुटल्यासारखे झाले. घरच्यांची माया पाहिजेच, पण माया म्हणजे फिजिओथेरपी नव्हे. मोठी आई रात्रंदिवस राबत होती आणि मोठेबाबा उभे राहिले नाहीत तर तो आपलाच दोष, असे तिला वाटू लागले होते. तिला सांगितले, "मोठी आई, तुझं काम प्रेमानं भरवायचं. चालवायचं काम शिकलेल्या माणसाचं." मग वाशीमला खोली घेतली, तीन महिने तिथे राहून फिजिओथेरपिस्टकडे रोज नेले. खर्चाची ओढाताण झाली, सोयाबीन भाव येण्याआधीच विकावे लागले. पण चौथ्या महिन्यात मोठेबाबा काठी घेऊन खोलीतल्या खोलीत चालले. रँकिनच्या पट्टीवर चारचे तीन झाले. त्या एका अंकात आमचे सगळे वर्ष आले.

एक गोष्ट मात्र आम्ही उशिरा ओळखली. मोठेबाबा हळूहळू बोलायला लागले होते, पण बोलत नव्हते. जेवण नको, रेडिओ नको, कोणी भेटायला आले तर भिंतीकडे तोंड. आम्ही म्हणायचो, स्वभाव चिडका झाला. प्रत्यक्षात पक्षाघातानंतर जवळपास तीनांतल्या एकाला नैराश्य येते आणि त्यावर औषध असते. ते सुरू झाल्यावर दोन महिन्यांनी त्यांनी एकदा विचारले, "तूर कितीनं गेली?" त्या दिवशी घरात गोड केले.

आणि गोळ्या. दुसरा झटका टाळण्याचे सर्वांत भरवशाचे साधन तेच. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सहा हजारांहून अधिक रुग्णांच्या चाचणीत, झटका येऊन गेलेल्यांचा रक्तदाब औषधाने खाली आणल्यावर पुन्हा पक्षाघात होण्याचे प्रमाण २८ टक्क्यांनी कमी झाले. ही औषधे सरकारी आरोग्य केंद्रात मिळतात. महाग यंत्र लागत नाही, शहर गाठावे लागत नाही. रोज, न चुकता आणि 'उतरलं' तरी न थांबवता घेणे, एवढेच लागते. मोठी आईने देव्हाऱ्याशेजारी डबी ठेवली आहे. दिवा लावला की गोळी. सहा वर्षांहून अधिक काळ हा नेम चुकलेला नाही.

साडेचार तास

वाचकहो, मानेतली जाडी विसरलात तरी चालेल. एवढे मात्र लक्षात ठेवा. हसताना चेहरा एका बाजूला वाकडा झाला, दोन्ही हात वर करायला सांगितले असता एक खाली घसरला, बोलणे अडखळले किंवा शब्द भलतेच येऊ लागले, अचानक तोल गेला वा दिसेनासे झाले, तर घड्याळ पाहा आणि ती वेळ कागदावर लिहा. तेल चोळू नका, पाणी पाजू नका, मुळी नाकात घालू नका, दुखण्याची वा इतर कुठली गोळी स्वतःहून देऊ नका. झटका गुठळीचा की रक्तस्रावाचा हे सीटी स्कॅनशिवाय कळत नाही आणि दोघांचे उपचार अगदी उलटे आहेत. १०८ ला फोन करा आणि विचारा, सीटी स्कॅन कुठे आहे. तिथेच थेट न्या. थांबलेल्या प्रत्येक मिनिटाला मेंदूतल्या सुमारे एकोणीस लाख पेशी मरतात, असा हिशेब शास्त्रज्ञांनी २००६ मध्ये मांडला. आता मोठ्या शहरांत तारेने गुठळी ओढून काढण्याची सोय झाली आहे आणि निवडक रुग्णांत ती चोवीस तासांपर्यंतही उपयोगी पडते. म्हणून उशीर झाला तरी न्याच. पण लवकर ते लवकरच.

लक्षणे दहा मिनिटांत आपोआप गेली तर हसण्यावारी नेऊ नका. तो मोठ्या झटक्याचा निरोप असतो आणि पुढचे दोन-तीन दिवस सर्वांत धोक्याचे असतात.

२०२४ च्या ऑक्टोबरात वाशीमला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. आमच्या भागाला ही मोठी गोष्ट आहे. पण रुग्णालय कितीही जवळ आले तरी ओसरी ते रुग्णालय हे अंतर घरच्यांनाच कापायचे असते. आम्ही त्या दिवशी जे नऊ तास घालवले, त्यातला फार थोडा वेळ रस्त्यावर गेला होता. बाकी सगळा 'वारं गेलं' या दोन शब्दांत गेला. वात बिघडला की अंग लुळे पडते, असे जुन्या वैद्यकात सांगितले होते आणि ते शब्द लोकांच्या तोंडी पिढ्यान्‌पिढ्या राहिले. शब्द राहू द्यावेत. त्यांच्यापाशी थांबू नये.

मोठेबाबांनी आता सत्तरी ओलांडली आहे. उजवा हात अर्धाच उठतो, काही शब्द अजून सापडत नाहीत. खर्रा सुटला, सुटला म्हणण्यापेक्षा मोठ्या आईने सोडवला. गेल्या दिवाळीत मी गावी होतो. त्यांनी मला ओसरीवर बोलावले, गावातल्या आशाताई रक्तदाब मोजायला आल्या होत्या. "याचा पाह्यला का?" त्यांनी डाव्या हाताने माझ्याकडे बोट दाखवले. मी म्हणालो, मला काही होत नाही. म्हणताच लक्षात आले की हेच वाक्य मी याच ओसरीवर त्यांच्या तोंडून ऐकले होते. बाही वर केली. १५६ आणि ९८. तेव्हापासून माझीही एक डबी आहे. ती शाळेच्या पिशवीत असते आणि सकाळची प्रार्थना सुरू होण्याआधी मी ती उघडतो.